जुलैचा गोल कागद

१९९५ च्या जुलै महिन्यात, एका शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास, बहारीनमधल्या एका दारू आयात करणाऱ्या कंपनीच्या गोदामात वाईनच्या खोलीचं थंड करणारं यंत्र बंद पडलं. ते संध्याकाळी साडेसातला पुन्हा सुरू झालं. मधल्या साडेदहा तासांत खोलीचं तापमान तेरा अंशांवरून सव्वीसवर गेलं. खोली ज्यांच्या ताब्यात होती ते गृहस्थ त्या दिवशी हमद टाउनमध्ये होते. एका बाळाच्या नामकरणाला जमलेल्या चाळीस माणसांकडून ते पंचशील म्हणवून घेत होते. पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे.

उम्म अल हस्सममधल्या एका चार मजली इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहत आणि मी दुसऱ्या. मी तिथल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. मी त्यांना दादा म्हणत असे, ते मला पेपरवाले म्हणत.

त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला पहिला शब्द ऐकू येई तो "दार." पूर्ण वाक्य "दार लावा" असं होतं, पण त्यातलं "लावा" ते खर्च करत नसत. पाहुणा, पोस्टमन, गॅसवाला, फ्रीजपाशी विचार करत उभी राहिलेली मुलगी, सगळ्यांना एकच शब्द. एकदा आम्ही समुद्राकाठी फिरत होतो. एक अनोळखी कुटुंब गाडीची चारही दारं सताड उघडी टाकून, एसी चालू ठेवून, बाहेर चटईवर बसलं होतं. चालता चालता दादांचा हात त्या दाराकडे गेला आणि वहिनींनी तो धरून मागे घेतला.

"ड्युटी संपली ना तुमची?" वहिनी म्हणाल्या.

माझ्या पेपरातला त्यांच्या कामाचा मजकूर एकच, हवामानाचा चौकोन. तो वाचून ते खाली यायचे.

"काल बेचाळीस छापलंय तुम्ही."

"विमानतळावरून येतं ते, दादा. मुहर्रकहून. सावलीतलं असतं."

"माझ्या छतावर सत्तेचाळीस होतं. सावलीत कोण काम करू राहिलं इथं?"

आठवड्यातून दोनदा तरी हे व्हायचं.

ते मूळचे निफाड तालुक्यातले. द्राक्षाचा मुलूख. त्यांचे आजोबा दुसऱ्याच्या बागेत छाटणीला जात, मग वडील जाऊ लागले, आणि शाळेच्या सुट्टीत ते स्वतः. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, असं वर्ष मोजलं जाई. "आमच्या तीन पिढ्या द्राक्षात गेल्या," ते सांगत. "बाग आमची नव्हती एवढंच." निफाडला थंडी कडक पडते आणि तिनं द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटे बागेत जागोजागी काडीकचरा पेटवून धूर करायचा असतो. हे काम त्यांनी लहानपणी केलेलं होतं. नाशिकला आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा कोर्स त्यांनी का घेतला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "फॉर्म भरायला गेलो तेव्हा त्याच रांगेत माणसं कमी होती."

बहारीनमध्ये आल्यापासून ते त्याच कंपनीत होते. कंपनी हॉटेलांना आणि परवान्याच्या दुकानांना माल पुरवी. व्हिस्की, बिअर असला माल साध्या गोदामात राही. वाईनला वेगळी खोली होती, आणि तिचं तापमान बाराही महिने तेरा अंश ठेवायचं हे दादांचं काम. ते स्वतः कधी थेंबही घेत नसत. बेटावर भिक्खू नसल्यामुळे बौद्ध मंडळींची लग्नं, नामकरणं, वंदना ह्यांचे विधी तेच करत. हमद टाउनचा एक इलेक्ट्रिशियन, तोही आमच्याकडचाच, त्यांची फिरकी घ्यायचा. "आमचे बौद्धाचार्य दारूच्या गोदामात बसून पाचवं शील पाठ करतात."

"मी दारू सांभाळत नाही," दादा म्हणत. "मी थंडी सांभाळतो."

हे वाक्य मी दहा-बारा वेळा ऐकलं असेल. एकदाही ते विनोद म्हणून बोलले नाहीत.

मी ती खोली दोनदा पाहिली. सित्राकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पत्र्याचं मोठं गोदाम, आणि त्याच्या पोटात ही जाड भिंतींची, मंद दिव्याची खोली. दाराशेजारी भिंतीवर एक चपटी पेटी होती. तिच्यात ताटलीएवढा गोल कागद आठवडाभरात एक फेरी पूर्ण करी, आणि लाल शाईचं एक टोक त्यावर तापमानाची रेघ ओढत जाई. दार उघडलं की बाहेरची हवा आत शिरे आणि रेघेला बारीक दात येई. दादा दर शनिवारी सकाळी कागद बदलत, जुन्याच्या पाठीवर आठवड्याचा शेरा लिहीत आणि तो खोक्यात ठेवत. वर्षाला बावन्न कागद. सगळी खोकी रांगेनं मांडलेली होती.

"हा बघा," त्यांनी मला एक कागद दाखवला होता. "ह्या आठवड्यात मी रजेवर होतो. दात मोजा."

त्या खोलीतल्या मालात एका जर्मन कुटुंबाची वाईन होती. नदीच्या वळणावर, उभ्या चढाच्या डोंगरउतारावर त्यांची बाग होती. थंड हवेत सावकाश पिकणारं पांढरं द्राक्ष. त्यांच्या पत्राच्या डोक्यावर छापलेलं असे की हा मळा पाच पिढ्या एकाच घराकडे आहे. इथल्या एका हॉटेलचा मुख्य आचारी त्यांच्या गावचा होता, म्हणून दर वर्षी थोडा माल बहारीनला येई. कुटुंबाचा एक नियम होता. विकत घेणाऱ्यानं माल कसा ठेवला, हे एका फॉर्मवर लिहून पाठवायचं. बहुतेक ठिकाणांहून फॉर्म परत येतच नसत, असं पुढे कळलं. दादा फॉर्म भरत आणि सोबत वर्षाच्या सगळ्या गोल कागदांच्या झेरॉक्स जोडत.

एका वर्षी त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत प्रश्न लिहिला. कुटुंबाच्या माहितीपत्रकात एक फोटो होता. म्हातारे मालक वेलाशेजारी उभे आहेत आणि वेलाची काडी वाकवून, गोल फिरवून खुंटाला बांधलेली आहे. दादांना ते पटेना. आमच्याकडे काडी मांडवावर सरळ पसरतात, तुम्ही अशी का वळवता, असं त्यांनी विचारलं.

उत्तर आलं ते मालकांच्या नातीकडून. एक पानभर पत्र आणि पेन्सिलीनं काढलेलं चित्र. चढ इतका उभा आहे की तिथं मांडव उभा राहत नाही, प्रत्येक वेलाला स्वतःचा खुंट असतो. काडी वाकवली की रस हळू चढतो आणि तिच्यावरचे सगळे डोळे, म्हणजे कोंब, सारखे फुटतात. दादांनी ते पत्र माझ्याकडे आणलं. इंग्रजी त्यांना कळलं होतं, खात्री करायची होती.

"रस हळू चढतो असंच लिहिलंय ना?"

"तसंच लिहिलंय."

"माझ्या बापाला कळलं असतं हे," ते म्हणाले. मग फोटोतल्या म्हाताऱ्याच्या हातावर बोट ठेवलं. "डाव्या अंगठ्यावर कात्रीची खूण आहे बघा. छाटणीवाल्याला ती इथंच होते."

त्यानंतर वर्षातून एक-दोन पत्रं येत. हे लोक एक गोड वाईन करत, तिच्यासाठी द्राक्षं वेलावरच हिवाळ्यापर्यंत ठेवत आणि गोठल्यावर, पहाटे, हातांनी तोडत. हे दादांनी माझ्या खुर्चीत बसून वाचलं. "आम्ही थंडी पळवायला आग लावायचो," ते म्हणाले. "हे लोक तिची वाट बघतात." तसल्या गोड वाईनच्या तीन पेट्या १९९४ मध्ये बहारीनला आल्या. छत्तीस बाटल्या. हॉटेलात त्या खपल्या नाहीत, जेवणाबरोबर गिऱ्हाइकाला फार गोड लागत. पेट्या खोलीतच राहिल्या. ती म्हाताऱ्या मालकांनी स्वतः केलेली शेवटची तोडणी होती. पुढच्या वर्षी वसंतात ते वारले.

आता जुलैकडे येतो.

वाईन-खोलीच्या यंत्राला गोदामाच्या बाहेरच्या बाजूला एक मोठा पंखा होता आणि त्या पंख्याला कपॅसिटर नावाचा मुठीएवढा डबा लागे. तो कधीही जळू शकतो, म्हणून एक नेहमी कपाटात जादा ठेवलेला असे. गुरुवारी दुपारी हमद टाउनच्या त्या इलेक्ट्रिशियनचा फोन आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाळाचं नामकरण, चाळीस माणसं येणार, आणि हॉलचा एसी बंद. बिघाड त्याला सापडला होता, कपॅसिटर गेलेला. पण दुकानं अर्ध्या दिवसानंतर बंद झालेली, आणि शुक्रवारच्या सुट्टीमुळे आता शनिवारपर्यंत उघडणार नव्हती. माप तेच होतं. दादांनी कपाटातला जादा डबा खिशात घातला आणि संध्याकाळी हमद टाउनला जाऊन बसवून दिला. शनिवारी नवा घेऊन परत ठेवायचा, असं ठरलं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता ते गोदामात जाऊन आले. तेरा अंश. एरवी सुट्टीच्या दिवशीही ते बारा वाजता आणखी एक फेरी मारत. त्या दिवशी बारा वाजता ते पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्ती पेटवून, बाळाचं नाव सांगत होते. मीही तिथं होतो. हॉल गार होता. इलेक्ट्रिशियननं सगळ्यांना सांगितलं की ही थंडी दादांची.

नऊ वाजताच गोदामातल्या पंख्याचा कपॅसिटर उडाला होता. पंखा थांबला, यंत्र तापलं आणि आपोआप बंद झालं. फाटकावरच्या पहारेकऱ्याला खोलीत जायची परवानगी नव्हती.

संध्याकाळी सहाच्या फेरीला दादा गोदामात पोचले तेव्हा खोली तापलेली होती. साडेसहाला ते हमद टाउनमध्ये परत आले, टॅक्सीनं. जेवणं होऊन चहा चालला होता, मी आणि वहिनी निघून आलो होतो, पण निम्मी माणसं अजून बसलेली. ते सरळ बाहेरच्या बाजूला गेले, एसीचं झाकण उघडलं, डबा काढला आणि खिशात घातला. हॉलमधली घरघर थांबली. इलेक्ट्रिशियनची बायको बाळाला घेऊन दारात आली.

"काय झालं, दादा?"

"दार उघडं टाका आता," ते म्हणाले. "खिडक्याही."

शनिवारी त्यांनी मॅनेजरांना कागद दाखवला. मॅनेजर केरळचे, साठीला टेकलेले, बेटावर वीस वर्षं काढलेले. लाल रेघ शुक्रवारी सकाळपासून फुगत गेलेली होती.

"एक कागज ही तो है," ते म्हणाले. "नया डालो. खलास."

दादांनी तो कागद टाकून दिला नाही. पाठीवर इंग्रजीत शेरा लिहिला: पंख्याचा कपॅसिटर जळाला, जादा उपलब्ध नव्हता. तारीख घातली, कागद खोक्यात ठेवला. मॅनेजरांनी पुन्हा विषय काढला नाही. बाकीच्या मालाबद्दल कोणी विचारलं नाही. मला तेव्हा ह्यातलं एवढंच कळलं की यंत्र बंद पडलं होतं.

सप्टेंबरात नातीचा फॅक्स आला. हिवाळ्यात नदीचं पाणी त्यांच्या तळघरात शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर बाटल्या धुऊन ठेवल्या, पण उन्हाळ्यात उघडून पाहिल्यावर कळलं की गढूळ पाणी बुचातून आत गेलंय. त्यांच्या घरी एक रीत होती. कर्त्या माणसाच्या शेवटच्या तोडणीच्या छत्तीस बाटल्या राखायच्या, आणि तो गेल्यावर दर वर्षी त्याच्या दिवसाला एक उघडून सगळ्यांनी टेबलाशी बसून प्यायची. आजोबांच्या छत्तीस बाटल्या गेल्या होत्या. तीच तोडणी आणखी कोणाकडे आहे का म्हणून त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांकडे चौकशी केली, आणि फक्त बहारीनमध्ये शिल्लक असल्याचं निघालं. कुटुंबाला ती परत विकत हवी होती. सोबत ह्या वर्षीचे तापमानाचे कागद पाठवावेत, अशी विनंती होती. शेवटची ओळ दादांच्या नावानं होती. तुमचे मागचे कागद आमच्याकडे सगळे आहेत, त्यामुळे आम्ही निश्चिंत आहोत.

मॅनेजर खूश झाले. न खपणारा माल परत जात होता. त्यांनी दादांना सांगितलं, बाकी सगळे कागद पाठव, जुलैचा तो एक आठवडा राहू दे. झेरॉक्सच्या गठ्ठ्यात एक पान कमी, कोण मोजतो?

दादांचा व्हिसा नोव्हेंबरात संपत होता. नूतनीकरणाच्या कागदावर मॅनेजरांची सही लागे. मुलगी इथल्या भारतीय शाळेत दहावीला होती, परीक्षा मार्चमध्ये. व्हिसा गेला तर बायको-मुलीचाही जाणार आणि वर्ष फुकट. हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

ते मला वर घेऊन गेले त्या संध्याकाळी वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या.

"तुम्ही तरी सांगा यांना," त्या म्हणाल्या. "मार्चपर्यंत गप बसा म्हणावं. पोरीची दहावी होऊ द्या. मग काय जगाला सांगायचं ते सांगा."

"मार्चमध्ये त्या म्हाताऱ्याचं वर्ष आहे," दादा म्हणाले. "त्याच्या आधी पोचायला पाहिजे माल."

"मग पाठवा ना. नको कोण म्हणतंय? तेवढा कागद कशाला?"

मुलगी आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती. तिला मराठी सगळं कळे, बोलायची इंग्रजी. "बाबा, नोबडी विल चेक," ती म्हणाली. "इट्स वन वीक."

"दार," दादा म्हणाले. आतल्या खोलीचा एसी चालू होता. तिनं दार लावून घेतलं.

त्यांनी मला एक कोरा कागद दिला. "पेपरवाले, तुमच्या पेपरात चूक झाली की दुसऱ्या दिवशी छापता ना, दुरुस्ती म्हणून? तसं लिहून द्या. इंग्रजीत."

मी लिहिलं. अमुक तारखेला पंख्याचा कपॅसिटर जळाल्यामुळे यंत्र साडेदहा तास बंद राहिलं. जादा उपलब्ध नव्हता. तापमान सव्वीसपर्यंत गेलं. आठवड्याचा कागद सोबत जोडला आहे. तीन ओळी. मी त्या वाचून दाखवल्या.

"उपलब्ध नव्हता हे मीच लिहिलं होतं मागं," ते म्हणाले. "खरं आहे ते. पण का नव्हता?"

तेव्हा त्यांनी मला गुरुवारची गोष्ट सांगितली. वहिनींचा हात भाजीत थांबला. त्यांनाही ती तेव्हाच कळत होती.

मी म्हणालो, "दादा, तापमान किती गेलं हे त्यांना हवंय. ते सांगून झालं. पुढचं लिहायची गरज नाही. आम्हीही दुरुस्तीत एवढं लिहीत नाही."

"काय लिहिता?"

"चुकीचं छापलं गेलं, बरोबर हे आहे. दिलगीर आहोत."

"कोणी छापलं ते?"

"ते लिहीत नाही."

"तुमचं बरं आहे," ते म्हणाले. "रोज नवा पेपर निघतो. त्यांच्या त्या बाटल्या छत्तीस वर्षं पुरायच्या आहेत. दर वर्षी एक उघडणार. एखादी बिघडलेली निघाली तर म्हणतील, म्हाताऱ्याच्याच हातून शेवटी चुकलं काहीतरी. तो कुठं सांगायला येणार आहे?"

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

मी चौथी ओळ लिहिली. जादा कपॅसिटर मी आदल्या दिवशी खासगी कामासाठी गोदामाबाहेर नेला होता. त्यांनी "खासगी काम" ह्या शब्दांवर बोट ठेवलं. "नामकरण लिहा. नाहीतर वाटेल विकला." मी नामकरण लिहिलं. त्यांनी खाली सही केली.

झेरॉक्समध्ये लाल रेघ नीट उठत नव्हती, म्हणून त्यांनी जुलैचा मूळ कागदच पाकिटात घातला. परदेशी पत्रव्यवहार मॅनेजरांच्या टेबलावरून जाई. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी पाकीट उघडं असल्यामुळे पत्र काढलं आणि वाचलं. दादा समोर उभे होते. नंतर दादांनी मला सांगितला तेवढाच तो प्रसंग मला माहीत आहे.

"ये तुमने खुद लिखा?"

"शेजाऱ्यानं लिहिलं. सही माझी."

मॅनेजरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मेरे को भी ऊपर जवाब देना पड़ता है, भाई," ते म्हणाले. मग स्वतः पाकिटाला गोंद लावला आणि ते बाहेर जाणाऱ्या टपालात टाकलं.

उत्तर दोन आठवड्यांत आलं. मालाची मागणी कायम होती. कागद पोचला, आभार, एवढंच त्यात लिहिलेलं होतं. तीन पेट्या ऑक्टोबरच्या अखेरीस विमानानं गेल्या. विमानात चढेपर्यंत त्या उन्हात राहू नयेत म्हणून दादा मुहर्रकच्या मालधक्क्यावर सकाळभर उभे होते, आणि तिथल्या कामगारांना अरबीत, हिंदीत दार लावायला सांगत होते. त्या दिवशी ते घरी आले ते सरळ झोपले. वहिनींनी मला जिन्यात सांगितलं, "दोन महिने झाले, झोपच नव्हती."

नोव्हेंबरात व्हिसाचं नूतनीकरण झालं नाही. पत्रात कारण दिलेलं नव्हतं. त्या वर्षी कंपनीनं आणखी चार माणसं कमी केली, त्यातले दोघे ड्रायव्हर होते. जुलैच्या कागदाचा आणि ह्या पत्राचा संबंध जोडणारा कुठलाही कागद मी पाहिलेला नाही. मॅनेजरांना मी एकदा फोन केला. ते म्हणाले, "अच्छा आदमी था," आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

निरोपाला हमद टाउनहून पंधरा-वीस माणसं आली. इलेक्ट्रिशियन आला, बाळ आलं. तो दादांच्या पायाशी वाकायला लागला तेव्हा दादांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं.

"तुझ्यामुळं काही झालेलं नाही," ते म्हणाले. "डबा मी काढला. तू फक्त फोन केला."

मुलगी त्या संध्याकाळी बाहेर आली नाही. तिचं वर्ष गेलं. निफाडच्या शाळेत तिला पुढच्या जूनमध्ये पुन्हा दहावीला बसवलं, आणि आता वर्गात सगळं मराठीत होतं. पहिल्या महिन्यात ती कोणाशी बोलली नाही, असं वहिनींनी पत्रात लिहिलं होतं.

दादांनी जायच्या आदल्या शनिवारी सकाळी शेवटचा कागद बदलला. नव्या माणसाला, तो तामिळनाडूचा होता, त्यांनी कपाट उघडून दाखवलं. आत एकाच मापाचे दोन जादा कपॅसिटर होते. दुसरा त्यांनी स्वतः आणून ठेवला होता.

पुढच्या मार्चच्या शेवटी कंपनीत त्यांच्या नावानं फॅक्स आला. नव्या माणसानं तो माझ्याकडे पोचवला. मी निफाडच्या किराणा दुकानाचा नंबर लावला, दुकानदारानं माणूस पाठवला, आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावल्यावर दादा फोनवर आले. ते तेव्हा पिंपळगावला द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका शीतगृहात हंगामी कामाला लागले होते. आवाज बसलेला होता. म्हणाले, हंगाम आहे, दोन पाळ्या सलग चालू आहेत.

मी फॅक्स वाचून दाखवला. आजोबांच्या दिवशी अकरा माणसं टेबलाशी बसली होती. पहिली बाटली उघडली. नातीच्या वडिलांचं म्हणणं पडलं की वाईन चांगली आहे, पण किंचित दमलेली वाटते. आजी म्हणाली, तो शेवटी असाच होता.

"दमलेली म्हणजे किती?"

"किंचित असं लिहिलंय."

मागे दुकानातल्या तराजूचा आणि कोणीतरी साखर मागत असल्याचा आवाज येत होता.

"ते साडेदहा तासांचं आहे," ते म्हणाले. "बरोबर आहे. त्यांना माहीत आहे ना ते कशानं?"

मी सांगितलं, पुढच्या ओळीत आहे. नातीनं जुलैचा गोल कागद टेबलावर ठेवून सगळ्यांना दाखवला आणि सोबतचं पत्र वाचलं. नामकरण म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागलं. बाळाचं नाव काय ठेवलं, असं आजीनं विचारलंय.

दादांनी नाव सांगितलं. मी ते लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून फॅक्सनं कळवलं.

उरलेल्या पस्तीस बाटल्या, त्या फॅक्सप्रमाणे, घराच्या वरच्या अंगाला डोंगरात खोदलेल्या एका कोठारात हलवल्या आहेत. तिथं नदीचं पाणी पोचत नाही.